फ्लॉरेन्समध्ये जुन्या वाड्यातल्या घरगुती हॉटेलात राहायचे आहे, बुक करण्याआधी काय काय विचारावे?

तांदूळवाडी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळीच्या सुटीला जोडून फ्लॉरेन्सला चार रात्री राहायचे ठरते आहे. आम्ही दोघे, सासू-सासरे (दोघेही सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखरे) आणि नऊ वर्षांची मुलगी. सान्ता क्रोचेच्या बाजूला एक घरगुती तीन-तारांकित हॉटेल पाहून ठेवले आहे. जुन्या वाड्याचा तिसरा मजला, मोजक्याच खोल्या, एकच कुटुंब चालवते. अभिप्रायांमध्ये सगळे गोडच गोड लिहिले आहे, त्यामुळे शंका जास्त.

१) ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर विसंबावे का?
२) दोन खोल्या घेतोय. त्यांतली एक ‘बान्यो प्रिवातो एस्तेर्नो’ असलेली स्वस्त पडते. म्हणजे नक्की काय?
३) आमची रेल्वेगाडी रात्री साडेनऊला पोचते, हॉटेलवर जायला दहा-सव्वादहा होतील. रिसेप्शन रात्री आठपर्यंतच आहे.
४) ‘शहर कर वेगळा, रोख’ असे लिहिले आहे. हे सरळ आहे ना?
५) सासरे शुद्ध शाकाहारी, अंडेही नाही. नाश्त्याला पैसे घालावेत का?

आर्नोकाठ

तांदूळवाडी, तुम्ही खोली बघताय. इथे आधी इमारत बघायची असते. अशी हॉटेले म्हणजे वाड्याचा एक मजला, फार तर दोन. खाली दुकान, वर कुणा वकिलाचे ऑफिस, मधल्या मजल्यावर हॉटेल, त्यावर राहती घरे. जिना, लिफ्ट, मुख्य दरवाजा, कधीकधी बॉयलरसुद्धा सगळ्यांचा सामायिक. हॉटेलवाले कितीही मायेचे असोत, या गोष्टी त्यांच्या हातात नसतात.

लिफ्टचे सांगतो. वाडे जुने, लिफ्ट विसाव्या शतकात जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली. पाटीवर ‘३ पेर्सोने’ असे लिहिलेले असते, पण दोन माणसे आणि एक मध्यम बॅग गेली की भरली. एक दार बाहेरचे, एक आतले, दोन्ही हाताने ओढून खट् आवाज येईपर्यंत लावावी लागतात. वर गेलेल्या माणसाने बाहेर पडल्यावर दार नीट लावले नाही तर लिफ्ट तिथेच अडकून बसते आणि खालचा बटण दाबत राहतो. लिफ्ट बिघडली अशी जी तक्रार असते तिच्यात निम्म्या वेळा एवढेच झालेले असते. बारा वर्षांखालच्या मुलांनी एकट्याने वापरू नये अशी पाटीही बहुतेक लिफ्टमध्ये सापडेल, मुलीला सांगून ठेवा.

त्याहून मोठी मेख म्हणजे लिफ्ट कुठून सुरू होते. पुष्कळ वाड्यांत दरवाजातून आत गेल्यावर दहा-पंधरा पायऱ्या चढून मग लिफ्टचे दार येते. ‘लिफ्ट आहे’ हे खरेच असते, गुडघ्यांना मात्र त्या पंधरा पायऱ्या चुकत नाहीत. म्हणून मेलमध्ये असा प्रश्न विचारा: रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या, आणि लिफ्टपासून आमच्या खोलीपर्यंत किती? जुन्या घरांत दोन वेगवेगळ्या इमारती भिंत फोडून जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाच मजल्यावर तीन पायऱ्या खाली, पाच वर असला प्रकारही असतो.

आणि लिफ्ट बंद पडली तर? मजले मोजायची पद्धत आपल्यासारखीच आहे, तळमजला वेगळा आणि त्यावर पहिला. पण पहिला मजला मालकाच्या दिवाणखान्याचा असायचा, त्याची उंची पाच-पाच मीटर. १७ सेंटिमीटरची पायरी धरली तर नुसत्या त्या एका मजल्याला २९-३० पायऱ्या. शिवाय तळमजला आणि पहिला यांच्यामध्ये पोटमाळ्यासारखा ‘अम्मेझ्झातो’ असतो, तो मोजणीत धरत नाहीत. तिसरा मजला म्हणजे ८०-९० पायऱ्या समजून चाला.

आता ‘बान्यो प्रिवातो एस्तेर्नो’. न्हाणीघर फक्त तुमचेच, पण खोलीच्या बाहेर, बोळातून पलीकडे. त्याची वेगळी किल्ली मिळते. ‘बान्यो इन कोमूने’ म्हणजे मात्र इतर पाहुण्यांबरोबर सामायिक. सासू-सासऱ्यांना रात्री दोनदा उठावे लागत असेल तर बाहेरच्या न्हाणीघराची खोली तुम्ही घ्या, त्यांना ‘इन कामेरा’ वाली, म्हणजे न्हाणीघर आतच असलेली, द्या. खाटांचेही स्पष्ट लिहा: ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग, ‘दोप्पिया’ म्हणजे सहसा दोन सुट्या खाटा. तुम्हाला एक दोप्पिया आणि एक त्रिप्ला (तिघांची खोली) लागेल.

न्हाणीघरातल्या तीन गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात.

शॉवरच्या कोपऱ्यात छतापासून एक दोरी लोंबते. तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका आणि ती ओढूनही पाहू नका. न्हाताना कुणी पडले तर मदतीला बोलवायची ती घंटा आहे. रात्री अकराला ओढली तर मालकीणबाई झोपेतून उठून दारात येतात.

जमिनीला निचरा नसतो. आपण बाथरूम म्हणजे धुवायची जागा समजतो, तिथे पाणी फक्त शॉवरच्या तबकात पडले पाहिजे. जुन्या मजल्यांना खाली लाकडी तुळया, वर भाजलेल्या विटांची तांबूस फरशी, ‘कोत्तो’. ही फरशी पाणी पिते आणि ते खालच्या वकिलाच्या छताला उतरते. पडदा तबकाच्या आत सोडायचा, बाहेर नाही. बादली-मग मिळणार नाही, पण कमोडच्या शेजारी बिदे (बसून धुवायचे बुटके भांडे) बहुधा असते. इटलीत १९७५च्या एका मंत्रालयीन आदेशाने घरांतल्या न्हाणीघराला ते सक्तीचेच केले आहे. सासूबाईंना स्पेन-फ्रान्सपेक्षा इथे बरे वाटेल.

गरम पाणी: इमारतीचा सामायिक बॉयलर नसेल आणि खोल्यांसाठी विजेचा ८० लिटरचा गीझर असेल, तर गार पाणी मिसळून साधारण १४०-१५० लिटर कोमट पाणी मिळते. शॉवरमधून मिनिटाला नऊ-दहा लिटर जाते. म्हणजे सगळ्यांची मिळून पंधरा मिनिटे. पुन्हा टाकी तापायला, कॉइल दीड किलोवॅटची असेल तर, पावणेतीन-तीन तास. पाच जणांनी सकाळी सातलाच रांग लावू नये, दोघांनी रात्री अंघोळ उरकावी.

तुमच्या तारखांची खास अडचण तापमानाची. फ्लॉरेन्स ज्या हवामान विभागात येते तिथे इमारतींचे हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास असा नियम आहे. ऑक्टोबरच्या शेवटी एसीचा हंगाम संपलेला आणि सामायिक बॉयलर अजून पेटलेला नाही, अशा बेचक्यात तुम्ही जाताय. दगडी भिंती रात्री गार पडतात. खोलीत गरम-गार दोन्ही करणारा स्वतंत्र एसी आहे का आणि त्या आठवड्यात तो चालू ठेवतात का, एवढे विचाराच. जादा पांघरूण मागितले की मिळते: ‘उना कोपेर्ता इन प्यू’.

उंबरठा

वरचे सगळे मान्य, पण दुखरे गुडघे घेऊन सतराव्या शतकातल्या जिन्याशी खेळायचेच कशाला? थोडा इतिहास कामाला लावा. ३-४ ऑगस्ट १९४४च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे पूल उडवले. पोन्ते व्हेक्यो तेवढा ठेवला, पण तो अडवायला त्याच्या दोन्ही टोकांची घरे सुरुंगाने पाडली. पोर सान्ता मारिया, बोर्गो सान याकोपोचा सुरुवातीचा भाग, व्हिया ग्विच्चार्दिनीचे तोंड, हे पुलालगतचे सगळे रस्ते युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहे. म्हणजे ऐन गाभ्यात असूनही इमारती काँक्रीटच्या, मजले बुटके, जिने सरळ आणि बरीशी लिफ्ट असण्याची शक्यता कितीतरी जास्त. फोटोत लाकडी तुळया दिसणार नाहीत, एवढाच तोटा.

दुसरा पर्याय पियाझ्झा देल्ला इन्दिपेन्देन्झा या चौकाच्या बाजूचा, स्टेशनपासून चालत दहा मिनिटे. तिकडची घरे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली, जिने रुंद.

सान्ता क्रोचेच घेणार असाल तर तळमजल्याची खोली गळ्यात मारून घेऊ नका. तो भाग सखल आहे. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुराच्या पाण्याची रेघ दाखवणाऱ्या पाट्या तिथल्या भिंतींवर आहेत, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. खोली आतल्या चौकाकडची मागा, ‘सुल कोर्तीले’. रस्त्याकडे दगडी फरसबंदी, त्यावरून रात्री काचेच्या बाटल्यांचा कचरा उचलणारी गाडी आली की लाकडी खिडक्या काही आवाज अडवत नाहीत.

खटपट्या

पोचणे आणि पैसे, या दोन गोष्टी मी घेतो.

पत्ता: फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका चालतात. दुकाने-खानावळी यांचे क्रमांक लाल, राहत्या इमारतींचे काळे किंवा निळे. लेखी पत्त्यात लाल क्रमांकापुढे r हे रोमन अक्षर लावतात, इटालियनमधल्या ‘रोस्सो’चे. लाल २३ आणि काळा २३ शेजारी असतीलच असे नाही, दोनशे मीटरचे अंतरही पडू शकते. वरच्या मजल्यावरच्या हॉटेलचा क्रमांक सहसा काळा किंवा निळा. फोनवरचा नकाशा कधी लाल धरतो, म्हणून हॉटेलला विचारा की खाली कोणते दुकान आहे. रात्री तीच खूण कामाला येते.

उशिरा पोचणे: रात्री आठनंतर येणार असाल तर आधी लेखी कळवा, गाडीचा क्रमांक आणि वेळ द्या. हॉटेले बहुधा थांबतात. काही जण उशिराचे वेगळे पैसे घेतात, ते किती हे आधीच विचारून घ्या. खालचा लाकडी दरवाजा, ‘पोर्तोने’, दिवसा उघडा, संध्याकाळनंतर बंद. मोठ्या फळीत आपल्या वाड्यांसारखी दिंडी, म्हणजे छोटे दार, असते. शेजारी घंटांची पितळी पट्टी असते, तिच्यावर हॉटेलचे नाव शोधायचे. कधी नुसते कुटुंबाचे आडनाव असते, तेही विचारून ठेवा. बाहेर पडताना उलटी गंमत होते. आतून दार ओढून उघडत नाही, भिंतीवर किल्लीचे चित्र असलेले बटण दाबावे लागते. जिन्याचा दिवाही ठरावीक वेळाने आपोआप विझतो. चमकणारे छोटे बटण प्रत्येक मजल्यावर असते.

सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून सान्ता क्रोचे दीडेक किलोमीटर. चाकांच्या बॅगा दगडी फरशीवर ओढत नेण्यासारखे हे अंतर नाही, वयस्क माणसांबरोबर तर नाहीच. स्टेशनबाहेरच्या रांगेतली पांढरी अधिकृत टॅक्सी घ्या. पाच माणसे आहात, तेव्हा मोठी गाडी मागा किंवा दोन करा. स्वतः गाडी भाड्याने घेऊन आत शिरू नका. जुन्या शहरात ‘झेडटीएल’, म्हणजे वाहनबंदीचा भाग, आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.३० ते रात्री ८, शनिवारी दुपारी ४ पर्यंत परवान्याशिवाय प्रवेश बंद. कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडीवाली कंपनी तुमचे नाव पोलिसांना कळवल्याचे पैसे वेगळे कापते. सामान उतरवायला हॉटेल तुमच्या गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकते, पण ती नोंद त्यांनी केली की नाही हे तुम्हालाच पाहावे लागते.

शहर कर: अगदी सरळ आहे, महापालिकेचा आहे, हॉटेल फक्त गोळा करते. २०२३मध्ये ठरलेला तीन-तारांकितचा दर माणशी दर रात्री ६ युरो, दोन-तारांकितला ४.५०, एक-तारांकितला ३.५०. सलग सात रात्रींपर्यंतच आकारतात, बारा वर्षांखालच्यांना माफ. तुमचा हिशेब: ४ मोठे × ४ रात्री × ६ = ९६ युरो, मुलीचे शून्य. निघण्याआधी हॉटेलकडून चालू दर विचारा आणि तेवढी रोकड सुटी ठेवा. पावती मिळते, मागून घ्या.

कार्ड: इथे आपल्याकडच्या मंडळींचे बुकिंग हकनाक रद्द होते. छोटे हॉटेल खात्री म्हणून कार्ड नंबर घेते आणि मधल्या काळात एखाद्या दिवशी थोडी रक्कम अडकवून पाहते. १ ऑक्टोबर २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंदच असतात. तुम्ही बँकेच्या ॲपमध्ये ते चालू केले नसतील तर त्यांचा प्रयत्न फसतो, तुम्हाला मेल येते, ती जाहिरातींच्या ढिगात जाते आणि खोली गेली. बुक करण्याआधीच दोन्ही चालू करा, मर्यादा पुरेशी ठेवा. तिथे मशीनने रुपये की युरो असे विचारले तर युरो निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला लावतो, आणि तो महाग असतो.

पासपोर्ट: पाचही जणांचे मागतील, मुलीचाही. आल्यापासून २४ तासांत पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर करणे कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली की लगेच परत मागा, रात्रभर ठेवून घ्यायची गरज नसते.

आणि हॉटेल खरे आहे का हे पाहायला: १ जानेवारी २०२५पासून प्रत्येक निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत आणि इमारतीच्या दारावर लावावा लागतो, त्याला ‘चिन’ म्हणतात. फ्लॉरेन्समधला असेल तर सुरुवातीच्या आयटी या अक्षरांनंतर ०४८०१७ हा शहराचा आकडा येतो. दुसराच आकडा दिसला तर जागा फ्लॉरेन्सच्या हद्दीत नाही.

तिखटमीठ

नाश्ता. तीन-तारांकित घरगुती हॉटेलात काय असते? कॉफी, दूध, कोर्नेत्तो (गोडसर चंद्रकोरी पाव), पाकीटबंद टोस्ट, जॅम, दही, फळे, चीजच्या चकत्या आणि त्याच ताटलीत चिकटून हॅम. सासऱ्यांसाठी कोर्नेत्तो बाद, कारण त्यात अंडे असते. चीजही कट्टर शाकाहाऱ्याला चालेल असे नाही: पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातले ‘कालियो’, म्हणजे दूध गोठवणारे विरजण, घालतातच. उरले दही, फळे आणि पाव.

आणि पाव अळणी. तो शिळा किंवा बिघडलेला नसतो, तोस्कानाचा (फ्लॉरेन्स ज्यात येते तो प्रांत) पाव मुळातच बिनमिठाचा करतात, खारवलेल्या मांसाबरोबर आणि चीजबरोबर खायला. सोबत मेतकूट किंवा लसणाची चटणी नेलीत तर तोच पाव ऑलिव्ह तेलात बुडवून झकास लागतो. खारा हवा तर बेकरीतून ‘स्क्याच्चाता’ हा चपटा पाव घ्या, वर तेल-मीठ असते. ‘स्त्रुत्तो’ आहे का एवढे विचारा, म्हणजे डुकराची चरबी. माझे मत: नाश्ता भाड्यात असेल तर ठीक, माणशी वेगळे दहा युरो मागत असतील तर सोडा. सान्ताम्ब्रोजोचा बाजार तुमच्या हॉटेलपासून चालत जाण्याजोगा आहे, सकाळी भरतो, रविवारी बंद.

जेवणात ‘पाप्पा आल पोमोदोरो’ (टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव) बहुधा चालतो. ‘रिबोल्लिता’ हे दाट सूप, भाज्यांची असली तरी तिच्यात मांसाचे पाणी असू शकते, ‘ब्रोदो दि कार्ने’ आहे का ते विचारा. ‘वेजेतारियानो’ म्हटले की अंडे येणारच, म्हणून ‘सेन्झा उओवा’ हे वेगळे सांगा.

खोलीत किटली सहसा नसते. उपमा-पोह्याच्या पाकिटांसाठी गरम पाणी मागा, नाही म्हणत नाहीत. राइस कुकर आणि पाण्यात बुडवायचा रॉड मात्र घरीच ठेवा. खोलीचा एमसीबी १० अँपिअरचा असेल तर २३० व्होल्टला २३०० वॅट ही हद्द. २००० वॅटची किटली चालू असताना कुणी १६०० वॅटचा हेअर ड्रायर लावला की खटका पडलाच, आणि तो खटका बहुधा कुलूपबंद कपाटात असतो. सॉकेट एका ओळीत तीन भोकांचे असते. फोनचा दोन गोल पिनांचा चार्जर चालतो, आपला त्रिकोणी तीन पिनांचा चालत नाही. एक ॲडॅप्टर आणि त्याला घरचा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला की पाच फोनांचे भागते. त्यावर फक्त चार्जर लावा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचे पाणी पिण्याचे आहे, चवीला जड.

तांदूळवाडी

सगळ्यांचे आभार. उंबरठा यांचे पटले, पोर सान्ता मारियाच्या बाजूची दोन हॉटेले काढली आहेत. दोन्हींना रस्ता ते लिफ्ट आणि लिफ्ट ते खोली किती पायऱ्या हे विचारले. एकाने ‘शून्य आणि दोन’ असे कळवले, दुसऱ्याने ‘अ फ्यू’. पहिले नक्की करतेय. आता दोनच शंका. व्हिसासाठी कोणते पत्र मागू? आणि शेवटच्या दिवशी खोली दहाला सोडायची, गाडी संध्याकाळी सहाची, तोवर सामानाचे काय?

खटपट्या

‘अ फ्यू’ म्हणजे वीस. बरे केलेत.

पत्रात पाचही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, हॉटेलचा पूर्ण पत्ता आणि ‘पार्तिता इवा’, म्हणजे त्यांचा कर क्रमांक, हवा. पोर्टलवरून बुक केले की बऱ्याचदा एकाच माणसाचे नाव येते, म्हणून हॉटेलला थेट लिहून सगळ्यांची मागवा. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारा दरच घ्या. थोडा महाग पडतो, पडू द्या.

सामान हॉटेलात ठेवू देतात, पैसे घेत नाहीत. पण ती जागा म्हणजे बोळातला कोपरा, कुलूप नसते. पासपोर्ट, रोख, दागिने, औषधे अंगावरच. आणि रिसेप्शन दुपारी बंद असते का ते विचारा. काही घरे दोन ते चार बंद असतात, आणि सहाची गाडी असलेल्याला नेमकी तेव्हाच बॅग हवी असते. हो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला घड्याळे एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतो, सासऱ्यांचे मनगटावरचे बदलत नाही. १ नोव्हेंबरला तिथे सुटी असते, त्या सुमारास भाडी चढतात आणि गाड्या भरतात, तिकिटे आधी काढा.

पंचगंगा

उत्तर हॉटेलाबद्दल नाही, पण त्या वाटेवर जाताय म्हणून. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि तिथे १८७४मध्ये छत्रीखाली अर्धपुतळा उभा राहिला. काशीने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. टी१ ट्रॅमने स्टेशनपासून ‘काशीने’ थांबा दुसराच, पण तिथून अडीचेक किलोमीटर चाल आहे. वाट सपाट, तरी सासूबाईंसाठी टॅक्सीच करा. चालकाला ‘मोनुमेन्तो आल्लिन्दियानो’ म्हणा. नुसते ‘इन्दियानो’ म्हटलेत तर तो शेजारचा वाहनांचा मोठा पूल समजेल, त्यालाही याच महाराजांवरून नाव पडले आहे. परतीची टॅक्सी तिथे उभी नसते, हॉटेलातूनच सांगून ठेवा. ऑक्टोबरअखेर, घड्याळ मागे गेल्यावर सव्वापाचला अंधारते, तेव्हा दुपारी तीनच्या आत निघा.